अकरा सेकंद

सोमवारी वडगावात माग बंद.
गल्ली इतकी गप्प
की शेजारची फोडणी ऐकू यायची.
त्या दिवशी नाना टेप काढायचे,
बॉबिनांची टोपली पायानं सारून,
मशीनखाली चौपदरी घोंगडं घालून.

बिहाग.
शहापूरच्या एका देवळात बाईंनी गायलेला,
रात्री दीडला, लाईट जाऊन आल्यावर.
माईक नानांचा, खांबाला सुतानं बांधलेला,
सूतही मागावरचंच.
कुणी प्रत मागितली तर नाही म्हणत नसत.
कोरी कॅसेट आणायची, एवढंच.
साठची नको. नव्वदची.

निपाणीचे इस्माईल बागवान घेऊन गेले,
त्यांच्याकडून परत आली तेव्हा डबीला तंबाखूचा वास.
खानापूरच्या हलगेकर मास्तरांनी प्रतीची प्रत काढली,
बैलहोंगलला कुणी तिचीही.
लेबलं मराठीत, उर्दूत, कन्नडात.
राग तोच;
खरखर तेवढी दर घरागणिक वाढलेली.

आणि तेविसाव्या मिनिटाला मी.

सहा वर्षांची,
शाळेत नुकतं कन्नड लागलेलं,
लाल बटण दाबून म्हणतेय
अ आ इ ई उ ऊ ए ऐ
मग दारातून नाना: "अगं…"
आणि खटका.
पुन्हा बाई,
अर्धी तान गिळून पुढे निघालेल्या.

नाना ओरडले नाहीत.
पुढच्या प्रत्येक डबीवर
बारीक अक्षरांत लिहीत गेले:
मध्ये व्यत्यय, ११ सेकंद. क्षमस्व.

परवा गोकाकला गेले होते, उधारी वसूल करायला.
पैसे मिळाले नाहीत.
व्यापारी म्हणाला, गाणं ऐकता? चला मग.
शिवबसप्पा हुक्केरींच्या माडीवर
गुरुवारचे पाच-सहा जण,
एक तलाठी, एक औषधवाले, बाकीचे नुसतेच म्हातारे.
"बसा, बसा. आज आमचं बिहाग."
नातवानं सगळं फोनवर उतरवलेलं.
त्यानं विचारलं होतं म्हणे,
अज्जा, त्या पोरीचं कापून टाकू?
"तुझं कान कापीन, म्हटलं."

तेविसावं मिनिट.
सगळे मिटल्या डोळ्यांनी पुटपुटले माझ्याबरोबर,
उ ऊ ए ऐ
"इथं हिचं एक ए राहतंय बघा,"
शिवबसप्पा माझ्याकडे वळून म्हणाले,
"कन्नडात दोन. आखूड, लांब.
बाईंना दोन्ही मध्यम गावले,
पोरीला दुसरं ए नाही गावलं."
हसले सगळे. मीही.

मग "अगं…"
तेही म्हणाले ते,
नानांच्याच हेलात, शेवटी जरा वर नेऊन,
सम गाठल्यासारखे.

नाना गेले त्याला नऊ वर्षं झाली.
फोटो आहेत चार.
सही तर घरभर, सुताच्या वह्यांतून.
आवाज एवढाच उरलाय, दोन अक्षरं,
आणि तो माझ्याकडे नाही;
आमची टेप केव्हाच
बुरशीनं चिकटून गेली.

सांगितलं नाही मी.
बशीतला चहा निवत गेला.
कोपऱ्यातून औषधवाले म्हणाले,
"ती तान… इन्नोम्मे हच्च्री."
शिवबसप्पांचं थरथरतं बोट
काचेवरून मागे सरकलं,
तानेच्याही मागे,
जरा जास्तच मागे.