पोकळीचं काम

खंडेनवमीला भट्टी थंड असते.
तिच्या गळ्यात झेंडूची माळ, फावड्यांना हळदकुंकू,
आणि धाकटे मालक माइक हातात घेऊन
आम्हाला कुटुंब म्हणतात.

उद्यमबागेतली शेवटची गल्ली, नाल्याच्या अलीकडची फाउंड्री.
मी कोअर शॉपात, शेजारी निंगव्वा.
आम्ही पोकळी बनवतो.
सांगितलं तर लोक हसतात, पण तसंच आहे:
वाळूत तेल आणि काकवी कालवून, पेटीत ठासून, भाजून
जो ठोकळा निघतो, तो साच्याच्या पोटात बसवतात.
लोखंडाचा रस त्याच्या भोवतीनं येतो, थिजतो,
मग ठोकळा हातोडीनं फोडून, ओरबाडून काढतात.
पंपाला पाणी जायला वाट झाली.
वाळू ढिगावर.

धाकटे मालक पुण्याला शिकून आलेत.
म्हणाले, सरकारनं मध्ये हात घालू नये,
कायदे कमी झाले की कामं वाढतात.
म्हणाले, वरची घागर भरली
की आपसूक खाली झिरपतं, धीर धरा.
भरमाण्णा माझ्यापुढं बसला होता
डावा पाय लांब करून.
झिरपणं त्याला विचारा.
साच्याची फट लिंपायची राहिली, रस झिरपला,
बुटातून आत गेला.
चुकले. बूट रजिस्टरात होते, पायात चप्पल होती.
आमच्यात झिरपलं की ओरडतात, पळा.

म्हणाले, आजोबांनी एका लेथवर सुरुवात केली,
कुणापुढं हात पसरला नाही.
जागा सरकारी वसाहतीतली, नाममात्र भाड्यानं, वीज सवलतीतली,
हे काही ऐकू आलं नाही.
माइक जरा घरघरत होता, म्हणालेही असतील.

म्हणाले, कुटुंबात कोण युनियन करतं? आपली रीत नाही ती.
खरं आहे.
कुटुंबात भाकरी वाढायला ठेकेदार नसतो.
अकरा महिन्यांनी लेकीला घरी बसवून
पुन्हा नवी म्हणून दाखल करून घेत नाहीत.
आणि रीत म्हणाल तर
बायकांची हजेरी गड्यांपेक्षा कमी, ती आजोबांपासूनची.

मग कुंदा वाटला. पावशेर, बोनसच्या जागी.
चांगला होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या नोव्हेंबरात पाट्यांवरून गाड्या बंद पडल्या.
मी पिरनवाडीहून चालत आले, निंगव्वाला येताच आलं नाही.
माझा अर्धा खाडा, तिचा पुरता.
त्यावर आठवडाभर आमचा अबोला,
मी माझ्या पाटीची, ती तिच्या.
मालकांनी वर्गणी दोन्हीकडं दिली,
पावत्या एकाच फायलीत लावल्यात, कारकून सांगत होता.
आठव्या दिवशी मला पेटी एकटीला उचलेना.
ती म्हणाली, हिडी.
मी धरली.
बोलणं तेवढंच झालं.

ओल्या कोअरची कड अंगठ्यानं बसवतात.
रेघा वाळूवर उमटतात, लोखंड त्या आतून उचलतं.
अथणीकडच्या कुठल्यातरी मळ्यात
पंपाच्या पोटात, जिथं कोणी बघत नाही,
माझा अंगठा आहे. शेजारच्या पंपात निंगव्वाचा.
मालकांचं नाव बाहेरून, उठावाच्या अक्षरांत.

रविवारी तिच्या खोलीत आठ जणी जमलो.
एकच कागद, वर कन्नड, खाली मराठी.
मागण्या पुष्कळ निघाल्या, लिहिली आधी एक:
हजेरी आमच्या नावावर लावा.
सही येते मला. तरी म्हटलं, अंगठाच देऊ,
तो त्यांच्या मालावर आधीच आहे.
निंगव्वा म्हणाली, आधी तू.
मी म्हटलं, घर तुझं आहे.
शाई वाळत चालली होती.
भरमाण्णा दारात, पाय लांब करून,
कोणी येतंय का बघत.