एका दाताची बारी

पाचकंदिलाजवळ आमचं दुकान, साडेचार फूट रुंद.
गिऱ्हाईक विचारतं : काचेला ओरखडा पडेल का,
पाण्यात चालतं का, नवरदेवाला द्यायचंय,
डबा जरा मोठा नाही का.
तारीख दाखवतं? मग द्या.

आत काय आहे, हे सव्वीस वर्षांत
कुणी विचारलं नाही.
मी तरी सांगतो. वाईट खोड.
उस्मानदादा पिंजारींनी लावलेली.

स्प्रिंगला एका दमात सुटायचं असतं.
मोकळी सोडली तर दिवसभराची चावी
चहा निवायच्या आत भुर्र.
म्हणून शेवटच्या चाकाच्या वाटेत हा लिव्हर,
त्याला दोन लाल खडे, मिरचीच्या बीहून बारीक.
एक सोडतो तोवर दुसरा अडवतो,
एका वेळी एकच दात.
ही टिकटिक ऐकतोस ना,
ती चालण्याची नव्हे रे, अडण्याची.

पोरं मान डोलावतात
आणि वेळ मोबाइलमध्ये बघतात.

मंगळवारी सामोड्याचे झुलाल आप्पा आले,
टाचांच्या भेगांत पांझरेचा गाळ.
मी डोळ्याला भिंग लावून दिलं.
वाकून बघत राहिले, इतका वेळ
की मागचं गिऱ्हाईक निघून गेलं.
मग हसले :
"हाऊ ते पाटकरी शे!
फडना पाटकरी.
बंधारामा पानी कितलं बी ऱ्हावो,
एकनी बारी सरनी का दुसरानी."

सव्वीस वर्षं मी जे समजावत होतो
ते एवढंसं निघालं.
दादा असते तर दुकान लवकर बंद करून
जिलबी आणली असती.

मी पुसलं, चावी भरली, समोर ठेवलं :
सतरा खडे, आप्पा. नातू वापरेल.
त्यांनी कानाला लावलं. डोळे मिटले.
हळूच परत ठेवलं.
"पन याना काटा अंधारामा दिसतस का?
मन्ही बारी रातले दोनले ऱ्हास."

नाही दिसत.

दोनशेचं सेलवालं घेऊन गेले, हिरव्या उजेडाचं.
पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडून दिलं,
त्याचे पैसे घेतले नाहीत.

सतरा खड्यांचं अजून काउंटरवर आहे.
रोज सकाळी चावी देतो.

हल्ली रात्री दोनला मला जाग येते.
आप्पा पाटाचं तोंड मातीनं बुजवत असतील,
शेजाऱ्याकडे पाणी वळवत असतील,
मनगट हिरवं.