परवलीचा शब्द

बोग्नाला हवा होता फक्त एक प्रतिध्वनी.
गोदीतल्या निवृत्त वेल्डरांचा ब्रासबँड,
त्यातला ट्रम्पेट फार कोरडा वाजत होता,
गिलावा न केलेल्या भिंतीसारखा.
त्याला जरा ओल हवी होती, जरा लांबचं छत.
बस्स. ऐंशी झ्लॉटी. एक प्लगिन.

ग्डीनिया. नोव्हेंबर. चौथा मजला.
स्वीडनला निघालेली फेरी भोंगा देते
आणि खिडकीच्या काचा
त्याचं शेपूट थोडा वेळ धरून ठेवतात.

तिनं फाइल उघडली.
फाइल म्हणाली, आधी माझा मॅनेजर बसव.
मॅनेजर म्हणाला, आधी खातं काढ.
खात्यानं विचारलं जन्मसाल, देश,
आणि आपण कोणतं वाद्य वाजवता?
ती काही वाजवत नाही. ती ऐकते.
यादीत तो पर्याय नव्हता.
मग सोबत म्हणून सोळा गिगाबाइट तबले, घंटा, व्हायोलिनं,
कुणी मागितली नव्हती ती.
घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं,
इथे तर घोड्यामागून मोतद्दार आला,
मोतद्दाराचा मेव्हणा आला,
आणि मेव्हण्याच्या हातात चाऱ्याचं बिल.

शेवटी ती राखाडी चौकट:
बदल करू देण्यासाठी परवलीचा शब्द लिहा.

संगणक भावानं बसवून दिलेला.
झेनोबिउशनं.
शब्दही त्यानंच ठेवला, स्वतःचं नाव,
पुढे पहिल्या मोपेडचे चार आकडे.
"म्हणजे मला विचारल्याशिवाय
तू इथे काही बिघडवणार नाहीस."
पुढच्या मार्चमध्ये तो बर्गनकडे ट्रॉलरवर गेला.
ट्रॉलर परत आला.

घरात त्याचं नाव कुणी काढत नाही.
विषय तिकडे वळला की आई
भांडी विसळता विसळता नळ मोठा करते.
काढतात ते हे इन्स्टॉलर.
कुठल्या कुठल्या गावांतल्या कंपन्यांचे,
बूट न काढता आत येणारे,
तिच्या कागदपत्रांत पथारी पसरणारे,
सकाळी तिच्या आधी जागे होऊन
बाहेर कुणाला तरी काहीतरी कळवणारे.
उंबऱ्यावर थांबतात तेवढे एकदाच,
आणि विचारतात:
नाव सांग त्याचं.
ती सांगते. अक्षर अक्षर.
पडद्यावर उमटतात तेरा काळे ठिपके.

बुधवारी वाव्झिन्येत्स, वय एकाहत्तर,
बाराव्या मापावर, दम राखून,
ज्या सुरासाठी चार जिने चढून आला
तो सूर लावतोय,
आणि पडद्याच्या कोपऱ्यात टिंग.
नवी आवृत्ती आली आहे. सवलत तीनच दिवस.
म्हातारा ट्रम्पेट ओठांवरून काढतो.
दाराकडे बघतो.
"कुणी आलंय का?"
"नाही," बोग्ना म्हणते.
मग जरा वेळानं, "नेहमीचेच."

रात्री ती आवरायला बसली.
प्लगिन उडवला, मॅनेजर राहिला.
मॅनेजर उडवला, त्याचा मदतनीस राहिला,
नाव बदलून, तीन फोल्डर खाली.
मदतनीस गेला तरी काही रिकाम्या पेट्या उरल्या,
मांडव उतरल्यावर
अंगणात बांबूंची भोकं उरतात तशा.
आणि घालवायलाही परवानगी लागते.
घालवायलाही तोच शब्द.
तेरा ठिपके.
तेरा ठिपके.
एकदा बोट चुकलं, चौकट नकारार्थी थरथरली,
तशी तीही.

सेटिंगमध्ये एक ओळ आहे: शब्द बदला.
तिथं ती बराच वेळ होती.
चहा गार झाला, वरच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला.
रिकाम्या रकान्यात कर्सर
श्वास मोजत राहिला.

दीड वाजता तिनं एक कोरस उतरवून घेतला.
चौदा दिवस मोफत.
कोरसची तिला गरज नव्हती.
ट्रम्पेट अजून कोरडाच होता.
खाली कुठेतरी क्रेन हलली.
मॅनेजर, खातं, अटी मान्य, अटी मान्य,

आणि चौकट आली.
बोग्नानं हात स्कर्टला पुसले.