एसी बंद करून

भाचा म्हणाला, मामू, हातात दिलेले कागद आता कोण वाचतं,
पॉडकास्ट काढा.
मला वाटलं, खोक्याचाच एखादा नवा आकार असेल.

गुदैबियाच्या गल्लीत माझं दुकान.
एक काटा, एक बाकडं, खिडकीतला दमेकरी एसी,
आणि पाटी: पेवेकर कार्गो, थेट घरपोच.
समोर याच धंद्याची आणखी तीन दुकानं,
किलोमागे पन्नास फिल्सनी स्वस्त.

रेकॉर्डिंग शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाल्यावर.
एसी बंद करायचा, नाहीतर सगळा भाग तोच बोलतो.
ऑगस्टात शटर ओढून एसी बंद करणं म्हणजे काय,
ते केलेल्यालाच विचारा.
भिंतींवर सुफियानने ब्लँकेटं टांगली,
लोक गावी पाठवतात ना, वाघाच्या तोंडाची, जाड, ती.
आवाज घुमेना. वाघांनी गिळला.

पहिले चार भाग मी दर सांगितले,
कस्टमचे नियम, खोक्याला पट्ट्या किती,
अत्तराची बाटली मोज्यात कशी गुंडाळायची.
ऐकणारे अकरा.
त्यातले तीन फोन माझे, एक सुफियानचा,
एक बायकोचा, बाणकोटात.
ती म्हणाली, घरात असताना एवढं कधी बोललात?

पाचव्या वेळी माइक चुकून चालू राहिला.
फिलोमिना डाबरे, वसईची, नर्स,
रात्रपाळी उतरून तशीच आलेली,
खोकं भरता भरता खोक्याशीच बोलत होती:
हे दुधाच्या पावडरीचे डबे, पप्पांना.
हा टॉर्च, विहिरीकडे जाताना.
हा फ्रॉक, सात वर्षांच्या मुलीचा.
नाही, आठ.
थांबा. नऊ.
मग नुसता पट्टी फाडल्याचा आवाज.
बराच वेळ.

तिला ऐकवलं. ठेवू का, विचारलं.
म्हणाली, ते सात आणि आठ काढून टाका.
संध्याकाळी फोन केला: राहू दे.

त्या भागाला चारशे बारा.
सुफियान उठून नाचला, वाघ खाली पडला.
मग लोक स्वतःहून विचारू लागले,
पेवेकर, आमचं खोकं कधी बोलणार?
दर मी शेवटी सांगतो आता, अर्ध्या मिनिटात.
समोरच्यानेही सुरू केलाय एक,
त्यात मागे बासरी वाजते.

सगळंच गोड झालं असं नाही.
दिगंबर तांडेल, क्रेनवाला, बोलण्याच्या भरात बोलून गेला:
दोन खोकी, एक देवगडला, एक मालवणला,
दोन्हीत साड्या सारख्याच, भांडण नको.
रविवारी आला तो पांढराफटक.
पेवेकर, तो भाग उडवा, मेव्हण्याने ऐकला.
उडवला. तोवर दोनशे जणांनी ऐकला होता.
शंभर दिनार मागितले असते तरी दिले असते त्याने.
मी नुसता चहा घेतला.

धंदा किती वाढला?
महिन्याला वीस-बावीस खोकी जास्त.
माइकचे पैसे अजून फिटायचेत.
सुफियान मोबाइलवर चढती रेघ दाखवतो,
मी मान हलवतो, मला काट्याची भाषा कळते.

एक गोष्ट मात्र आधी ध्यानात आली नव्हती.
खोकं जहाजाने जातं, चाळीस दिवस.
आवाज त्याच रात्री पोचतो.

मंगळवारी दुकानाच्या नंबरावर एक निरोप आला,
मागे कोंबड्या, कुणाची तरी हाक,
आणि लहान, पण घाई नसलेला आवाज:
पेवेकर अंकल, मम्मीला सांगा,
मला दहावं लागलं.
फ्रॉक आला की मी घालीनच,
पण सांगा.

सुफियान म्हणाला, मामू, हा भाग हजार पार करेल.
मी तो निरोप फिलोमिनाला पाठवला
आणि आमच्याकडचा पुसला.
मग उठून एसी लावला.