डावीकडे वारा नाही

पुंता अरेनासमध्ये वारा उठला की
रस्त्याच्या कडेला दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
आज ड्यूटीवर येताना मीही धरला.
बर्फ आडवा पडत होता.

आणि इथे सहा नंबरच्या खाटेवर
एलेउतेरियो बार्रिया, वय एकसष्ट,
सामुद्रधुनीच्या टोकापर्यंत जाऊन खेकडे धरणारा,
त्याच्या डाव्या अंगाला
चमचाभर वारा पोचत नाही.

मशीन ढकलतं. छाती उजवीकडूनच उठते.
डावीकडे स्टेथोस्कोप ठेवला.
रिकाम्या रांजणातसुद्धा काहीतरी घुमतं.
इथे तेही नाही.
एक्स-रेवर अर्धी छाती पांढरीफटक,
दाब अठ्ठेचाळीस, ऑक्सिजन ब्याऐंशी,
आणि अलार्म, जणू आम्हाला दिसतच नाही.

सक्शनची नळी घातली, अडली,
मोरीच्या जाळीत भात बसावा तशी.
सलाईनचे थेंब सोडले. हाताची ओंजळ करून
पाठीवर थापटत राहिले.
चांगली बाजू खाली घेऊन कुशीवर वळवला, चौघींनी मिळून;
माणूस जड, आणि प्रत्येक नळीची मर्जी वेगळी.

मग डॉक्टर द्रागानिचने दुर्बीण उतरवली.
पडद्यावर कड्याकड्यांचा गुलाबी बोगदा,
पुढे फाटा. उजवा मोकळा.
डावा गच्च बुजलेला,
पिवळट, खरवसाची वडी ठोकून बसवावी तसा.
"हळू," तो स्वतःलाच म्हणाला.
ओढलं. निसटलं. पुन्हा.
सत्याहत्तर.
थांबलो. निव्वळ ऑक्सिजनवर ठेवला,
दोन मिनिटं कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
तिसऱ्या खेपेला दुर्बिणीसकट सगळंच बाहेर आलं

आणि ट्रेमध्ये पडलं एक झाड.
बोटाएवढं. फांद्या, फांद्यांना फांद्या,
टोकाला केसासारख्या डहाळ्या.
इथल्या माळावरची झाडं
एकाच अंगाला वाकलेली असतात जन्मभर.
हे सरळ वाढलं होतं,
वारा अडवून.

आकडा हलला. छाती डावीकडूनही उठली,
आधी बिचकत.

बाहेर त्याची बायको एदुलिया, लोकरीची टोपी मुठीत.
"काय निघालं?"
सांगितलं.
ती म्हणाली, बोटीच्या पंख्यात दोर गुंतला की
हा दातांत सुरी धरून पाण्यात उतरायचा, असल्या थंडीत.
इंजिन मेलं असं कुणी म्हटलं तर खवळायचा.
मेलं नाही, अडलंय, म्हणायचा.
मग जरा थांबून: "सगळं निघालं ना?"

सगळं, असं आम्ही कधी म्हणत नाही.
चार वाजता पुन्हा वळवायचाय.
हवेला ओल देणारं भांडं मी काठोकाठ भरलं
आणि तक्त्यावर खूण केली.
कालच्या रात्रीच्या रकान्यात खूण नाही.
काल रात्री मीच होते.