रुमालाखाली

वडिलांचं नाव भूपाल.
भू म्हणाल तर वखारभागात दोन खोल्या,
त्यातली एक हळदीच्या पोत्यांची.

चाळीस वर्षं त्यांनी यार्डात सौदे पाहिले.
अडत्या आणि खरेदीदार हातात हात घालतात,
वर रुमाल,
आत बोटं बोलतात.
एक दाबलं, दोन ओढली,
पोतं या घरातून त्या घरात गेलं.
ज्याची हळद, तो समोरच उभा असतो
रुमालाकडे बघत.

रात्री ते तिकिटं लावायचे वहीत, चिमट्याने.
एक त्यांना मिरजेच्या दवाखान्यातल्या
करुणा सिस्टरांनी दिलेलं, जांभळं,
अंगठ्याच्या नखाएवढं:
कुठल्याशा बेटाची राणी, मान ताठ,
आणि गळ्यावरून काळ्या शाईचा शिक्का.
हंगामी सरकार.

छापताना चुकलंय का हे? मी विचारलं.
नाही, म्हणाले.
नवी तिकिटं छापायला वेळ लागतो.
राज्य घ्यायला लागत नाही.

मग तुकड्यातुकड्यांनी सांगत राहिले, कैक रात्री.
तिथेही ऊसच होता, आपल्यासारखा,
फक्त कारखानदार बाहेरून आलेले.
बंदरात मोठ्या देशाचं जहाज
काही न करता उभं होतं.
राणीने कागदावर सही केली, रक्त सांडू नये म्हणून,
आणि त्याच कागदात लिहिलं की हे मला मान्य नाही.
पुढे माणसांनी सह्या केल्या, गावोगाव,
बायांचे कागद वेगळे, पुरुषांचे वेगळे,
नावापुढे वय.
गठ्ठा समुद्र ओलांडून गेला.
तिकडच्या सभेत हात मोजले गेले.
त्यात बेटावरचा एकही हात नव्हता.

माझ्या वहीत मी लिहिलं होतं:
बेट मोठ्या देशात विलीन झालं.
त्यांनी लाल पेन मागितलं.
विलीन मीठ होतं, म्हणाले,
राज्य खालसा होतं.
साताऱ्यात जाऊन विचार. तिथे दत्तक वारस होता,
कागदाने बघितलाच नाही.

एकदा हरिपूरला संगमावर
मीच त्यांना अडकवायला बघितलं:
इथून पुढे सगळे कृष्णाच म्हणतात,
वारणेला कुणी विचारलं?
बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाले,
वारणा चालत आली.
बेट चालत नाही गं. त्याच्याकडे कुणीतरी यावं लागतं.

पुराच्या साली पाणी पेवांत शिरलं,
मग आमच्या दोन खोल्यांत, छातीपर्यंत.
चार दिवस आम्ही वरच्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर,
चारी बाजूंनी कृष्णा,
होडीतून बिस्किटं आली.
उतरल्यावर भिंतीवर पिवळी रेघ होती, हळदीची,
खांद्याइतकी उंच, सरळ.

वही उन्हात ठेवून पान पान सोडवलं.
जांभळा रंग धुऊन गेला होता. राणी नव्हती.
काळी अक्षरं मात्र जशीच्या तशी,
कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर
सरकार चालू होतं.
समोरच्या पानावर काहीतरी फिकट दिसलं.
मी आरसा आणला.
चेहरा उमटला होता, उलटा,
शिक्क्याशिवाय.
वडिलांनी तो पाहिला आणि चष्मा पुसायला घेतला,
पुसतच बसले.

दुपारी पंचनाम्याला माणूस आला.
भांडी, पंखा, गादी, हळद किती?
चौदा पोती.
त्याने नऊ लिहिली. चौदाचा पुरावा नाही काका.
खरंच नव्हता. पुरावा रेघ होऊन भिंतीवर बसला होता.
सही करा, म्हणाला, नाहीतर नऊचेही मिळणार नाहीत.

वडिलांनी सही केली.
मग पेन परत न देता
खाली बारीक अक्षरात काही लिहिलं.
त्या माणसाने कागद वळवून वाचलं: मान्य नाही.
हे कशाला? याला रकाना नाही.

राहू द्या, वडील म्हणाले,
आणि खांद्यावरचा रुमाल काढून
घडी घालून खिशात ठेवला.