चौसष्ट टक्के

तांडापेठ, वैशाखातली रात्र,
आणि चौथ्यांदा चौसष्ट टक्क्यांवर
निळा पडदा.
त्यावर एक पडेल चेहरा, खाली एक लांबलचक आकडा
जो मी पोह्याच्या पुड्याच्या कागदावर
उतरवून घेतला, नीट, जसं काही कळणारच आहे.

पेनड्राइव्ह बदलला. केबल बदलली.
डिस्क पुसली, परत पुसली,
जिच्यावर अजून कोणी काही लिहिलंच नव्हतं.
दुकान बंद व्हायच्या आत सीताबर्डीला फोन केला, तर हेडाऊ म्हणे,
"माल सीलपॅक होता ना? मग?"
कॅबिनेटमधले पंखे मात्र
लग्नघरासारखे लुकलुकत.

कूलरपुढे बाबा जागेच.
अठ्ठावीस वर्षं माग चालवला,
माऊसला अजून हात लावत नाहीत.
"काहून वं प्रणाली, थांबून राह्यलं का?"
"हो."
"दरखेपी तिथंच?"
"हो."
"मग कोणीतरी एकच हाय. एकेक काढून पाह्य."

रॅमच्या दोन पट्ट्या.
एक काढली.

पासष्ट.
सहासष्ट.
कूलरचं पाणी संपलं, घरघर कोरडी झाली,
उठलं कोणी नाही.
माझ्या मुठीत ती दुसरी,
दोन महिन्यांच्या शिकवणीची,
दिसायला हुबेहूब पहिलीसारखी,
अजून कोमट.

अडीचला यंत्रानं नाव विचारलं.
लिहिलं.
कोपऱ्यात घड्याळ उगवलं: दुपारचे दोन, तारीख कालची.
"बाबा, हे म्हणते दुपार आहे."
त्यांनी कूस बदलली.
"म्हणजे तिथं बी ऊनच."